चिमणीची चमिणी

चि. भाचेबुवा, संगणकतज्ज्ञ, यांस,

मामाचे आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असणारच. बिघडायचं ते सगळं तू माझ्याकडे ठेवून गेला आहेस. मीही ठणठणीत आहे, फक्त संगणकाने अंथरूण धरलं आहे.

तुझ्या आईची नजर अधू होत चालली आहे, हे तू जाणतोस. डॉक्टर म्हणाले, वाचायचं ते याच वर्षी वाचून घ्या. म्हणून आमच्या शाळेतल्या कविता आठवून आठवून, तिच्यासाठी मोठ्या ठळक अक्षरांत टाइप करत होतो. (ती माझ्या पुढच्या वर्गात. तिच्या वर्गाच्या कविता मी भिंतीपलीकडून ऐकूनच पाठ केल्या. दुपारची उन्हं, चाळीस पोरींचा एक सूर... असो, तुला घाई असते.) तेवढ्यात तू आलास, चहा प्यालास आणि म्हणालास, "मामा, अजून ही जुनाट ऑपरेटिंग सिस्टीम? थांबा, चाचणीतली नवी आवृत्ती टाकतो. बाजारात यायच्या आधी तुमच्या घरात."

पिकण्याआधी घरात आलेल्या फळाचं काय होतं ते मला ठाऊक होतं, पण तज्ज्ञापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसलेल्या. चिमणीची चमिणी झाली. जोडाक्षरांचा काडीमोड झाला, त्यामुळे त्यांच्या आधीची गुरू अक्षरं लघू झाली आणि शार्दूलविक्रीडितातला वाघ चारही पायांनी लंगडू लागला. (आमच्या गुरुजींनी तुला बाकावर उभं केलं असतं, आणि सवयीने मलाही.) तुला फोन केला, तर म्हणालास, "छान सापडली की चूक. कळवू त्यांना. चाचणी असते ती त्यासाठीच." म्हणजे मी निवृत्त झालोय हा माझा गैरसमज होता. मला नोकरी लागली आहे, बिनपगारी.

मग तू नवख्यांसाठी लिहिलेला लेख वाचला. स्थिर आवृत्तीच घ्या, चाचणीच्या वाटेला जाऊ नका, कामाच्या फायलींची आधी प्रत काढून ठेवा. किती सुरेख लिहितोस रे. अनोळखी माणसांची केवढी काळजी. मी नवखा नाही असं तू परस्पर ठरवलंस, हा सन्मान ठेवू कुठे? तरी नम्रपणे कळवतो की मी नवखाच आहे. माउस टेबलाच्या कडेला पोचला की पुढे काय करायचं, हे मला अजून सुचत नाही.

तेव्हा रविवारी ये आणि ती स्थिर, शिळी, कंटाळवाणी आवृत्ती घालून दे.

तुझा,
मामा (चाचणीतला)

ता. क. तुझ्या कर्तबगारीचा पुरावा म्हणून एक पान छापून तुझ्या आईकडे पाठवलं होतं. तिने फोनवर ते जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. तुझे बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती.

आणखी एक. आता रोज संध्याकाळी ती फोन करते. मी खरी कविता म्हणतो, ती माझ्या चुका काढते. तू स्थिर आवृत्ती जरूर घाल. फक्त संगणक सुधारल्याचं आईला सांगू नकोस.