दुपारची भरती

माहुल,
१७ नोव्हेंबर १९७०

चि. वनमाला हिस हरेश्वरदादाचे आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. लहू भावोजींच्या बोटाला जाळं ओढताना लागलं होतं, ते भरलं का?

रविवारी तू वेसाव्याच्या किनाऱ्यावर नारळ-फुलं घेऊन उभी राहिलीस आणि बाबांची होडी आलीच नाही. रागावली असशील. सांगतो, जरा दम घे.

खाडीत आता मासळी उरली नाही, म्हणून कोळीवाड्यातल्या आम्हा काहीजणांना कारखान्यात फिटरचं काम शिकवतात, हे तुला माहीत आहेच. "तुम्हाला नव्यानं घडवायचंय," असं गुणाजी मास्तर ऊठसूट म्हणतात. आपण दागिना घडवतो म्हणतो. पण नवा घडवायचा तर सोनार आधी जुना वितळवतो, ते मास्तर बोलत नाहीत. तेही बिचारे गिरणीतून असेच घडून आलेले.

सुरुवातीला मी रोज आदल्या दिवसापेक्षा आणखी उशिरा पोचायचो. मास्तर चक्रावले. शेवटी सांगितलं, भरती रोज तशीच पुढे सरकते आणि माझी झोप तिच्या मागोमाग. ते हसले नाहीत. भोंगा मात्र रोज एकाच वेळेला होतो, एवढंच म्हणाले.

आता रविवारचं. दुपारच्या भरतीला होडी काढायची, तुमच्याकडे आणायची, आणि मी कारखाना सोडून भावोजींबरोबर दर्यावर जायचं, असं ठरलं होतं. ताप आला होता असं लिहिणार होतो. तुला खोटं कशाला लिहू? रात्रपाळी करून आलो नि आडवा झालो. पूर्वी रात्रभर जाळं ओढूनही पाणी चढलं की माझे डोळे आपोआप उघडायचे. परवा उघडले ते दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा. पाणी ओसरलं होतं. होडी चिखलात बसली होती आणि बाबा होडीत.

हाक का नाही मारली, म्हणून मी त्यांच्यावरच चिडलो.

"पानी उठवील तुला, म्हणून वाट बघत होतो," म्हणाले.

वनू, फार थकलोय गं. येत्या अमावास्येच्या उधाणाला भावोजींना पाठव, होडी घेऊन जाऊ देत. बाबाही तिच्यातूनच येतो म्हणतात. मी त्या दिवशी पाळीवर असेन. होडी किनाऱ्याला लागली की नारळ तू वाढव, माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझा दादा,
हरेश्वर