पिवळी पट्टी, पांढरी पट्टी

१० फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमची प्रकृती ठणठणीत असणार, कारण मागच्या पत्रात तुम्ही शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दीड पान बहाल केलं होतंत. इकडेही बरं आहे. तुमच्या जावयांनी स्वयंपाकघरातला नळ स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे सध्या आम्ही बादलीने पाणी भरतो.

आता वाईट बातमी, कारण ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळलेली मला चालणार नाही. कॉलेजात मी तुमच्या पिवळ्या पट्टीचा अभ्यास करत होते तो संपला. पायाच्या चिघळलेल्या जखमांचे पेशंट. निम्म्यांना तुमच्या मलमाची पिवळी पट्टी, निम्म्यांना साधी पांढरी. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. माझी नजर कुणाच्या बाजूने झुकू नये म्हणून मी वॉर्डात जायच्या आधीच सिस्टर पट्टी सोडून जखम स्वच्छ धुऊन ठेवायच्या. मी नुसती जखम मोजायची, पट्टी कुठली होती ते मला ठाऊक नसायचं. या काटेकोरपणाचा मला भारी अभिमान आहे. तर निकाल असा, की फरक नाही. पांढरीवाल्यांचे पायही तितकेच बरे झाले.

डीनसाहेबांनी बोलावून चहा पाजला. या कॉलेजला जग एकाच गोष्टीसाठी ओळखतं आणि सरांच्याच मुलीने ती पुसायला निघावं, याचं त्यांना दुःख झालं म्हणे. लेख मागे घेतला तर माझी प्रोफेसरपदाची फाइल पुढे सरकेल, नाहीतर ती आहे तिथे सुखात आहे, हेही बोलता बोलता सांगितलं. मी चहा संपवला आणि नाही म्हणाले.

लेख छापायला स्वीकारलाय आणि मी तो छापणार. रागवायचं असेल तर सविस्तर रागवा, पोस्टकार्डावर नको.

लोभ आहेच, तो हे वाचूनही शिल्लक राहावा.

तुमची
टाचणी


१७ फेब्रुवारी

चि. टाचणीस अ. उ. आ.

माझा राग पोस्टकार्डावर मावेल असं तुला वाटलंच कसं? तुझा अभ्यास साफ चुकलेला आहे. कुठे चुकलाय ते मला अजून सापडलेलं नाही, पण म्हणून तो बरोबर ठरत नाही. तीस वर्षं मी ती पट्टी बांधली. त्या पट्टीतले पाय आजही रस्त्याने चालताहेत. जा, त्यांना थांबवून सांग, की फरक नाही.

तुझे डीन फळांची करंडी घेऊन येऊन गेले. म्हणाले, सरांनी मुलीला समजवावं, या वयात सरांना असला धक्का सोसायचा नाही. मला! तुझ्या आजोबांसारख्या सासऱ्याबरोबर मी वीस वर्षं एका घरात काढली, आणि हा काल माझ्या हाताखाली टाके घालायला शिकलेला पोरगा माझी कीव करतो! करंडीतली द्राक्षं आंबट होती.

तेव्हा नीट ऐक. छाप. अक्षरन् अक्षर छाप. तू छापलंच नाहीस तर मी खोडून काय काढू, वारा?

ता. क. कॉलेजात माझ्या पट्टीच्या नावाचा नवा वॉर्ड निघतोय आणि फीत कापायला मी होकार दिलाय. मला मान आवडतो, हे तुला नव्याने सांगायला नको.

आशीर्वाद आहेत, जरा चिडलेले आहेत.

तुझा
बाबा


२१ मार्च

चि. टाचणीस अ. उ. आ.

तू परीक्षक म्हणून परगावी गेलीस आणि इकडे नव्या वॉर्डातल्या फोटोसाठी मला नेण्यात आलं. फोटो झाल्यावर तुझ्या अभ्यासातल्या मोठ्या सिस्टरनी मला कोपऱ्यात घेतलं. सर, अजिबात काळजी करू नका, म्हणाल्या. ताईंनी ज्यांच्या नावाने पांढरी पट्टी ठरवली होती, त्यांनाही आम्ही उघड्यावर सोडलं नाही. आत तुमचीच पिवळी बांधली, वरून पांढरी गुंडाळली. ताई यायच्या आत सगळं सोडून धुऊन ठेवायचो, त्यांना पत्ताच लागला नाही.

हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी नुसती मान हलवली.

म्हणजे तू पिवळीची तुलना पिवळीशीच केलीस. फरक कुठून दिसणार? मी जिंकलो असं म्हणून बघितलं, पण तसं वाटेना. मीही हरलो नाही नि तूही नाहीस. निकालच लागलेला नाही.

हे डीनना मी सांगितलेलं नाही. कुणाला काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा
बाबा


२६ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

रडून झालं, आता लिहिते.

मोठ्या सिस्टरवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. त्या जराही बिचकल्या नाहीत. माझ्या चिठ्ठ्यांपायी कुणाचा पाय कापायची वेळ आली असती तर तो मी परत लावून दिला असता का, असं त्यांनी मला विचारलं. तुम्ही सरांच्याच ना, असंही वर ऐकवलं. पेशंट त्यांच्या दृष्टीने त्यांचे आहेत, आकडे तेवढे माझे. यावर मी पुन्हा ओरडले.

लेख मी स्वतः मागे घेतला आणि कारण स्पष्ट लिहून दिलं. डीनसाहेब इतके खूश झाले, की मला बसायला गादीची खुर्ची दिली. मग मी म्हटलं, आता हाच अभ्यास पुन्हा करणार. गादीची खुर्ची तीच राहिली, साहेबांचा चेहरा तेवढा बदलला. परवानगी नाही. झालं ते झालं, पट्टीची अब्रू वाचली, आता घरी जा, म्हणाले.

मी घरी गेले नाही. रोज सकाळी त्यांच्या दाराबाहेर तोच अर्ज घेऊन उभी असते. शिपायाने आता मला स्टूल आणून दिलंय.

कळावे. लोभात काटछाट नको.

तुमची
टाचणी


२ एप्रिल

चि. टाचणीस अ. उ. आ.

स्टूल परत कर. मी फीत कापणार नाही, असं डीनना कळवून टाकलंय. अभ्यास पुन्हा होईस्तोवर त्या वॉर्डाच्या दारात माझा पाय पडणार नाही. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात म्हणे. त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर परवानगी लिहून द्या, असं मी सुचवलं.

त्यांनी पुन्हा माझ्या वयाचा विषय काढला. म्हटलं, माझी पट्टी खरी असेल तर ती परीक्षेला भीत नाही. खोटी असेल, तर तिच्या अब्रूशी तुमचं काय नातं?

परवानगी मिळेल. आणि मी जिंकणार आहे, हे ध्यानात ठेव.

तुझा
बाबा


१८ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी तुम्ही फीत अडवून मिळवलेल्या परवानगीवरचा दुसरा अभ्यास अखेर संपला. या खेपेला पट्ट्या बांधल्या त्या दुसऱ्या इमारतीतल्या नव्या सिस्टरनी, तुमचं नावही न ऐकलेल्या. पट्टी सोडताना दर वेळी बाहेरच्या विभागाचा एक डॉक्टर समोर उभा. मोठ्या सिस्टर लांबून बघत, मला ऐकू जाईल असे सुस्कारे टाकायच्या. पांढरीवाल्यांपैकी कुणाचाही पाय गेला नाही, तेव्हा कुठे ते सुस्कारे थांबले.

बाबा, जखमा भरण्यात फरक नाही. आणि पिवळीखाली भोवतालची कातडी जास्त सोलवटते.

खरं सांगू? या वेळी तुम्ही जिंकाल असं मला वाटत होतं. वाटत होतं कसलं, हवं होतं. तरी लेख छापायला पाठवलाय, एक प्रत सोबत आहे. प्रोफेसरपदाची फाइल हरवल्याचं ऑफिसातून कळलं. हरवू दे.

या पत्राला उत्तर यावं, एवढाच लोभ मागते.

तुमची
टाचणी


४ मार्च

चि. टाचणीस अ. उ. आ.

तुझा लेख चष्मा पुसून पुसून वाचला. चूक सापडली नाही. शोध चालू आहे.

पण माझा शोध संपेपर्यंत लोकांच्या पायांनी का थांबावं? कातडी सोलवटते हे मी पाहत आलो आणि जखमेच्या नावावर घालत आलो. माझ्या हाताखाली शिकलेले डॉक्टर गावोगाव ही पट्टी बांधताहेत. तुझा लेख वाचून ते म्हणणार, सरांना विचारू. तर सरांनीच सांगायला हवं, की पिवळी सोडा.

डीनकडे सभागृह मागितलं. सत्कार असेल तर देतो, असलं काही बोलायचं असेल तर रंगकाम चालू आहे, असं उत्तर आलं. म्हणून मी येत्या सोमवारी सकाळी ओपीडीबाहेरच्या बाकांपाशी उभा राहून बोलणार आहे. माणसं तिथे आधीच बसलेली असतात आणि पट्ट्याही त्यांच्याच पायांना आहेत. जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं गेली. मोठ्या सिस्टरना वेगळं लिहिलंय, जरा मऊ शब्दांत. डीननी वॉचमन बोलवला तरी हरकत नाही, त्यालाही ऐकायला मिळेल.

तू पहिल्या बाकावर बस. मधेच प्रश्न विचारलास तर मला राग येईल. नाही विचारलास तर जास्त येईल.

अजून पुरता न पटलेला,
तुझा
बाबा