सहा कोऱ्या कादंबऱ्यांची वाटणी

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्याने मुद्रितशोधक, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या खुशीने लिहीत आहे. कोणी माझ्या मानेवर बसलेले नाही. दुपारच्या गोळीनंतर मला गुंगी येते, म्हणून हा मजकूर मी रोज सकाळी, गोळीच्या आधी, थोडा थोडा लिहिला आहे. तरीही एखाद्या वाक्यात धुके उतरलेले दिसले, तर ते गोळीचे नसून माझे समजावे. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कलम पहिले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची अरुंद गॅलरी असे हे दुसऱ्या मजल्यावरचे घर मी आणि माझ्या यजमानांनी मिळून घेतले. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. माझ्या पश्चात घर माझ्या एकुलत्या मुलाचे. मात्र खिडकीजवळची खोली माझ्या नणंदेला तिच्या हयातीपर्यंत राहायला मोकळी असावी. का, ते पाचव्या कलमात येईल.

कलम दुसरे. बँकेतली ठेव आणि दोन्ही बांगड्या सूनबाईला. मुलगा माझ्या पुस्तकांना ‘वाळवीचं माहेर’ म्हणतो. सूनबाईने त्यातले एकही वाचलेले नाही, पण धूळ पुसताना प्रत्येक पुस्तक उचलून पुन्हा जिथल्या तिथे ठेवले, खूण असलेले पान न हलवता. वाचणाऱ्या माणसांनाही हे जमत नाही.

कलम तिसरे. भिंतीवरचे घड्याळ छापखान्याच्या मालकांना परत द्यावे. बत्तीस वर्षे मी त्यांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला मानपत्र दिले आणि त्यात ‘मुद्रीतशोधक’ असे छापले. घड्याळाचा दोष नाही. पण त्याच्याकडे पाहिले की मला ती दीर्घ ‘द्री’च दिसते.

कलम चौथे. गेल्या महिन्यात टपालाने एक पार्सल आले. त्यात सहा नव्या कादंबऱ्या होत्या. पुस्तकांच्या दुकानाचा शिक्का होता, पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, चिठ्ठी नव्हती. डॉक्टरीणबाई तेव्हा मला तपासायला आल्या होत्या. त्यांनीच दोरा कापला. मी पहिले पुस्तक उघडून नाकाशी धरले. आयुष्यभर मी कादंबऱ्या वाचल्या त्या ओल्या शाईच्या, सुट्या कागदांवर, चुका शोधत. बांधलेले, कोरे, दुसऱ्या कोणीतरी तपासलेले पुस्तक आपल्या मांडीवर यावे, हे सुख मला उशिराच मिळाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एका वेळी एकच हं. डोळ्यांना ताण नको.”

“डोळे आता कोणासाठी राखून ठेवू?” मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत. त्यावरून मला माझी प्रकृती कळली.

मग माझ्या वाचनाच्या दुपारी सुरू झाल्या. गोळी घ्यायची, उशी उंच करायची, आणि वाचायचे. झोप आणि जाग यांच्यामध्ये एक जिना आहे. त्याच्या मधल्या पायरीवर बसून मी वाचत असे. हिरव्या पुस्तकातला दीपगृहाचा राखणदार माझ्या खुंटीवर आपला ओला कोट अडकवून जाई आणि उठल्यावर मला फरशीवर पाण्याचे थेंब दिसत. पिवळ्या पुस्तकातली नकाशे काढणारी बाई माझ्या चादरीच्या सुरकुत्यांना नद्यांची नावे देई. त्यांच्याशी बोलायला मला तोंड उघडावे लागत नसे. एकदा सूनबाईने विचारले, “आई, कोणाशी हसताय?” मी म्हणाले, “पान नव्वद.”

ही वाचून झालेली पुस्तके अशी द्यावीत. हिरवे, खाली दुकान असलेल्या शिंपीदादांना. त्यांना समुद्र पाहायचा होता, तो राहून गेला. पिवळे, डॉक्टरीणबाईंना. त्यांनी ते सुट्टी काढून वाचावे. लाल पुस्तक शेजारच्या मास्तरीणबाईंना. ते मला आवडले नाही, पण त्यांना आवडेल, त्यांना रडायला आवडते. पांढरे, सूनबाईला. सुरुवात तिथून करावी.

पाचवे पुस्तक राखाडी. लेखिकेचे नाव मी कधी ऐकलेले नव्हते. एक्केचाळिसाव्या पानावर दोन बायका स्वयंपाकघरात होत्या. एक पातेल्यात ढवळत होती, दुसरी ओट्यावर बसून तिला कादंबरी वाचून दाखवत होती, आणि पातेल्यावरचे झाकण वाजले की वाचणे थांबत होते. मी पुस्तक मिटले. दोन दिवस उघडले नाही.

कलम पाचवे. ती ओट्यावरची मुलगी म्हणजे माझी धाकटी नणंद. वाचायला बसली की बाहुलीसारखी हलत नसे, म्हणून सासूबाई तिला ठकी म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिचे लग्न झाले नाही, तिने ते होऊ दिले नाही. माझे हात कामात आणि तिचे पुस्तकात, अशा पंचवीस-सव्वीस वर्षांत आम्ही किती कादंबऱ्या मिळून संपवल्या, त्याला गणती नाही.

मग तिने स्वतःच एक लिहिली. वही माझ्या हातात देताना तिचे कान लाल झाले होते. “वहिनी, तू पहिली,” ती म्हणाली.

मी ती आठ दिवसांत वाचली आणि लाल शाईने भरून परत केली. सातशे चौदा चुका. म्हणाले, “एवढं दुरुस्त कर, मग बघू.” गोष्टीबद्दल एक शब्द बोलले नाही. ती बराच वेळ पाने उलटत राहिली. मग म्हणाली, “बरं.” महिन्याभरात दूरच्या एका शाळेत नोकरी धरून ती निघून गेली. यजमान दोनदा आणायला गेले, दोनदा एकटेच परतले. ते वारले तेव्हा ती आली, दारातच उभी राहिली आणि दारातूनच गेली. बोलणे बंद होऊन बावीस वर्षे झाली.

कबुली ही मालमत्ता नव्हे, हे मला कळते. तरी इथे नोंदवते. ती वही फार चांगली होती. जन्मभर मी दुसऱ्यांची वाक्ये सरळ करत आले, माझे स्वतःचे एक नव्हते, आणि माझ्या ओट्यावर बसणाऱ्या पोरीकडे ती ओंजळीने होती. मी जळले. लाल शाई हे त्याला मिळालेले सभ्य नाव.

तिसऱ्या दिवशी राखाडी पुस्तक पुन्हा उघडले. वर नाव टोपण असले, तरी पुस्तक ठकीचेच होते, आणि पार्सलही तिचेच. वाटले होते, मला चेटकीण केली असेल. तसे नव्हते. एकशेबाराव्या पानावर त्यातली वहिनी तापाने मरते, आणि उरलेली दोनशे पाने नणंद तिला आठवत राहते. रागाचे एक वाक्य नाही.

मी सूनबाईकडून नंबर मिळवला आणि फोन लावला.

“ठके, मला मारलंस होय गं?”

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग, “मग काय करणार? जिवंत होतीस तोवर बोलत नव्हतीस.”

“वही चांगली होती.”

“काय?”

“वही. त्या वेळची. फार चांगली होती. मी जळले.”

तिने नाक ओढल्याचा आवाज आला. “हे सांगायला बावीस वर्षं लागली वहिनी?”

“मी सावकाश वाचते.”

त्यावर ती हसली, आणि मग हसण्याचे रडणे झाले, कोणाचे आधी ते सांगता येणार नाही.

मुलाला खोलीचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आई, आत्या येणार तरी आहे का? पेन्शनीत तिचं तिथं बरं चाललंय.” मी म्हणाले, येवो न येवो, खोली तिची. राखाडी पुस्तकही तिचेच. त्यात मी पेन लावलेले नाही. दोन चुका दिसल्या, तशाच ठेवल्या.

कलम सहावे. सहावी कादंबरी निळी आहे, चारशे ऐंशी पानांची. कोणाला द्यावी, हे ठरवायचे राहिले होते. काल सकाळी हे कलम लिहायला बसले तेव्हा दार वाजले. हातात एकच पिशवी, केस सगळे पांढरे. ती दारात थांबली नाही. सरळ आत येऊन खुर्ची ओढली, माझ्या अंगावरची चादर नीट केली, आणि उशीजवळचे निळे पुस्तक उचलले.

“कुठवर आलीयस?”

“त्रेसष्ट.”

तिने पान त्रेसष्ट काढले, चष्मा लावला, माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. डॉक्टरीणबाईंनी तिला जिन्यातच सगळे सांगितले होते, ते मला तिच्या चेहऱ्यावर वाचता आले. मग तिने पाने मागे उलटली, सुरुवातीपर्यंत.

“पहिल्यापासून वाचते,” ती म्हणाली. “मला कुठे माहितीये काय झालं ते.”

निळ्या कादंबरीची वाटणी करू नये. ती चालू आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून खालील दोघांच्या समक्ष सही करत आहे.

सही: लिहून देणार, निवृत्त मुद्रितशोधक

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे शिंपीदादा (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही, “लिहून देणार पूर्ण शुद्धीवर असून, कादंबरी मध्येच थांबवल्याबद्दल माझ्यावर नाराज आहेत.”)

स्थळ: खिडकीजवळची खोली
दिनांक: महिन्याची अकरावी तारीख, सकाळ, पान सतरा