औषध वाया जाऊ नये म्हणून

आई, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

दमा आटोक्यात आहे. लाकडाच्या वखारीत भुसा उडतो, पण तोंडाने ओढायच्या औषधाच्या पंपामुळे धाप लागत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस, घसा बसलाय. जिभेवर पांढरे चट्टे आलेत, घास गिळताना आग होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पंप ओढल्यावर चूळ भरता ना?" मी म्हटलं, "औषध थुंकून कसं टाकायचं?" तू आम्हाला औषधाचा चमचासुद्धा चाटायला लावायचीस, तेच डोक्यात. बाई म्हणाल्या, छातीत जायचं ते गेलेलं असतं, तोंडात उरतं त्यानेच हे होतं. आता गोळ्या दिल्यात, होईल बरं.

सोमवारी कामावरच्या जोडीदाराची बाही यंत्राच्या करवतीत ओढली जाताना मला दिसली. "हात काढ" म्हणून ओरडलो, तर तोंडातून नुसती हवा निघाली. त्याची तीन बोटं गेली. त्याला वाटतं, मी गप्प उभा राहिलो.

ताईच्या मुलीलाही पंप सुरू झालाय ना? दर वेळी समोर उभं राहून तिला चूळ भरायला लाव. तिला तरी वेळेवर हाक मारता येऊ दे.

तुझा धाकटा