अमरनाथची घोंगडी

सोमवार, ९ फेब्रुवारी

आलो एकदाचा भालकीला. निंबर्ग्याहून बशी बदलत बदलत कंबर मोडली, पण कारखान्याच्या मळीचा वास नाकात शिरला आन मला तो चक्क आवडला. धुळाप्पा अण्णांचं वेल्डिंगचं शेड मोठं हाय, मागं माझी खोली, खोलीला पंखा. आल्या आल्या त्यांनी चहा पाजला आन काम दाखवलं.

काम न्यारंच हाय. बाणूबाई म्हणून एक अक्का हायत, मेंढरांचा मोठा कळप घेऊन दरसाल उदगीरकडं जातात. त्यांच्या लेकानं बेंगळूरहून जुनी घडीची खोली आणून दिलीय. बंद असली की कमरेएवढी पत्र्याची पेटी. दांडा फिरवला की छत वर उठतं आन चारी बाजूंनी ताडपत्रीच्या भिंती ताणतात, दार पत्र्याचं, खिडकीला जाळी. आत दोन माणसं आरामात झोपतील. ही पेटी सपाट बॉडीच्या ट्रकवर बसवायची. खड्ड्यात हलू नये, आन तळ पडला की खाली पण उतरावी.

आळंदला सात वरसं राबलो, नाव मालकाचं झालं. इथं अण्णांची रीत येगळी. ज्यानं बॉडी बांधली त्याचं नाव मागच्या फाळक्यावर रंगवायचं. ट्रक लातूरपर्यंत जाणार म्हणजे नाव पण जाणार. मी अक्षरं ठरवून टाकली, पिवळी, लाल कडेची.

बुधवार, ११ फेब्रुवारी

पेटीखालची लोखंडी अँगलची चौकट निम्मी आधीच झालेली निघाली. ती अमरनाथची, चिंताकीचा होता, माझ्या आधीचा मिस्त्री. दिवाळीनंतर ह्याच पेटीत मेला. छत वर केलं, ते पेलून धरणाऱ्या कोपऱ्यातल्या चार खुंट्या लावायचं विसरून आत शिरला, आन जड छत अंगावर आलं. मी तर पहिल्या दिवसापासून चारी खुंट्या ठोकूनच आत जातो.

वाईट झालं, व्हय. पण दिवसभर त्याचंच पुराण. अमरनाथ डाव्या हातानं जोड मारायचा, अमरनाथचा जोड घासावा लागायचा न्हाई. मेल्या म्हशीला मणभर दूध. मी आज पेटीखाली रबर घातलं, यू-बोल्ट आवळले, मागच्या दिव्याची वायर ओढली, त्याबद्दल कुणाच्या तोंडून शब्द न्हाई.

खोटं कशाला लिहू, त्याचा जोड माझ्यापेक्षा चांगला हाय. दोनदा बोट फिरवून बघितलं, कुठं अडकलं न्हाई.

शनिवार, १४ फेब्रुवारी

बाणूअक्का येऊन गेल्या. काम बघून खूश, पण म्हणाल्या फाळक्यावर अमरनाथचं नाव वर लिहा, ह्याचं खाली. अण्णा हौ म्हणाले. मी तिथंच उभा होतो.

त्यांच्या घरची एक रीत हाय. नवा निवारा झाला की आत घोंगडी अंथरायची, बिरोबाचा भंडारा टाकायचा आन पहिलं ताट कारागिराला द्यायचं. तो जेवल्याशिवाय घरचं कुणी आत पाय टाकत न्हाई. अमरनाथचं ताट राहिलं, म्हणून सोमवारी पहिलं ताट त्याचं, माझं दुसऱ्या दिवशी. कामून म्हणून विचारलं. हसत म्हणाल्या, जित्याला घाई कसली. राबायलोय मी आन पंगतीला पहिला मेलेला.

सोमवार, १६ फेब्रुवारी

खाल्लं मी ते ताट.

बाणूअक्का घोंगडी अंथरून, ताट ठेवून अण्णांच्या घरी गेल्या. मी आत गेलो, मांडी घातली, भाकरी, ठेचा, दही, सगळं चाटून पुसून. कपाळाला भंडारा पण लावून घेतला. म्हणलं, जिरली तुझी.

मग अक्का आल्या. रिकामं ताट बघून त्यांना रडूच फुटलं. अमरनाथनं गोड मानून घेतलं म्हणायला लागल्या. म्हणजे खाल्लं मी, ते पण त्याच्याच नावावर. घोंगडी तशीच राहू दे म्हणाल्या.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

माझ्या वाटचं ताट आलंच न्हाई. अण्णा म्हणाले, कारागीर जेवला की काल. कुणी मला जेव म्हणलं न्हाई.

आज पायरीचा जोड मारला. अण्णा वाकून बघत राहिले, म्हणाले कितीतरी दिसांनी असा हात बघितला. छाती फुगली माझी. मग खाली बघितलं. वेल्डिंगचा होल्डर माझ्या डाव्या हातात होता.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बाजारातून नटबोल्ट घेऊन आलो तर अण्णा चकित. म्हणले, तू तर आत्ता इथंच होतास, बाजाराला जायची गरज न्हाई म्हणलास. मी न्हाई म्हणलं तर हसले.

माझा निळा शर्ट दोरीवर न्हाई.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

बघितला. पाठमोरा. माझा शर्ट, डाव्या हातात होल्डर. अण्णा त्याच्या खांद्यावर हात टाकून हसायले होते. माझ्याशी असं कधी हसले न्हाईत. भ्यायला पाहिजे होतं मी. आधी जळलोच.

जवळ गेलो तर अण्णांनी वर बघितलं न्हाई. हाक मारली तरी—

शनिवार, २१ फेब्रुवारी

चहावाल्यानं माझ्यासमोर कप ठेवला न्हाई. सगळे त्याला रविकुमार म्हणायलेत. माझं नाव.

घोंगडीपायी झालंय हे. मी त्याच्या जागी बसलो, तो माझ्या— उद्या घोंगडी बाहेर काढून जाळतो.

रविवार, २२ फेब्रुवारी

दुपार हाय. आत हाय मी. चारी खुंट्या ठोकल्या, मगच आलो. घोंगडी उचलत न्हाई. पत्र्याला चिकटल्यागत.

दाराला बाहेरून कडी लागली. वही खिशात होती—

जाळीतून दिसायलंय. बाणूअक्का आल्यात. ओरडलो. त्यांनी माझ्याकडंच बघितलं, हात जोडले, म्हणल्या, बस बाबा अमरनाथ, बस सुखानं.

एक खुंटी निघाली. बाहेरून.

अक्कांनी हाक मारली, रविकुमार. बाहेर कुणीतरी ओ दिली. माझ्या आवाजात.

दुसरी.

पेंटर आलाय. अक्का म्हणायल्यात आता एकच नाव लिहा, रविकुमारचं, पोरानं लई जीव लावून काम केलं. अण्णा हौ म्हणले. तो मान खाली घालून हसायलाय, माझ्या शर्टात. पिवळा डबा उघडला. लाल कडेची अक्षरं, मी ठरवली तशीच—

तिसरी.

र काढला. वि—

चौथी पण निघाली. दांडा फिरायलाय. छत डोक्याला लागलं. अण्णा, रविकुमार मी हाय, मी आत—