बसलेल्या माणसांचा गठ्ठा

शालन,

न्हाय, कपाट मोडीत घातलं न्हाय. माजघरात जागच्या जागी हाय आणि दार अजून तसंच कुरकुरतंय. तेल घाला म्हणशील. घालतो.

वर्ष भरलं म्हणून लिहितोय असं समजू नको. वर्षाला थोरल्यानं चौकात फ्लेक्स लावायचं काढलं हुतं. वर तुझा फोटू, खाली हात जोडलेल्यांची रांग. मी म्हणलं, तुझी आई मास्तरीण हुती, इलेक्शनला उभी नव्हती. तवापास्नं रुसलाय. रुसू दे. लिहितोय ते येत्या रविवारापायी. आज बुधवार. घरात सांगू कुणाला?

तुझी ती कात्रणं. जल्मभर शाळंत चित्रकला शिकवलीस आणि दिसलं ते चित्र कापलंस. कॅलेंडर, लग्नपत्रिका, बियाण्याची पाकिटं, माझा सकाळचा पेपर. खिडकी पडलेला पेपर मी किती वेळा वाचलाय!

तू गेल्यावर एकदा उघडून बसलो. एका गठ्ठ्यात खुरपणारी बाई. तिच्याखाली टायर बदलणारा डायवर. त्याच्याखाली कुठल्यातरी जुन्या दरबारातला नोकर. ह्यांचं एकमेकांशी नातं काय? मला वाटलं, घाईत कोंबलंयस. मग वांगी निवडतो तशी निवडली. मोठी मोठ्यात, मधली मधल्यात, बारकी बारक्यात. झकास दिसत हुतं. मार्केटला नेलं असतं तर एक नंबरचा माल.

आणि कदम बाई आल्या. तुझ्या जागंवर आलेल्या, इंदापूरच्या, स्कूटीवर. पोरगीच हाय, पण बाई म्हणावं लागतं. आठवीच्या पोरांना आठवणीतनं बाजाराचं चित्र काढायचं हुतं. बाईनं आधी मोबाईलवर शोधून नमुना दाखवला, तर सगळ्या वर्गानं त्योच काढला. एकच छत्री, एकच भाजीवाली, आणि मागं नारळाची झाडं. आपल्या बावड्याच्या बाजारात नारळाची झाडं!

बाई म्हणली, "आबा, मोबाईलवर बाजार टाकला की बाजार येतो. पण वाकलेला माणूस, ओझं उचलणारा माणूस, असं शोधायला गेलं की हाताला काही लागत नाही. मॅडमनी तसं जमवलं होतं म्हणतात."

मी ऐटीत कपाट उघडलं. ती वरची चित्रं बघत राहिली. मग एक उलटं केलं. मागं तुझ्या पेन्सिलीनं लिहिलेलं, वाकलेली. दुसरं उलटं केलं. वाकलेला. दरबारातला नोकर, त्योबी वाकलेला. तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आबा, तुम्ही साइजनं लावलंय."

"मग? माल साइजनंच लावत्यात."

ती हसली, पण पदर तोंडाला लावून. तेवढी रीतभात हाय तिला.

तवापास्नं दर रविवारी येती. मी चित्र उलटं करून वाचतो, ती गठ्ठ्यात टाकती. वाकलेली, चालणारी, डोईवर वझं घेतलेली. मग एकेकाचा फोटू घेती. मी च्या ठेवतो, दुधाचा. एरवी एकटा कोराच पितो.

एका रविवारी तिनं दाखवलं, लांबलांबच्या म्युझियमांनी आपली कपाटं मोबाईलवर मोकळी केल्यात. जुनी चित्रं. दोन बोटं फाकवली की रेघंतली रेघ दिसती. शेवटच्या वर्षात तू गच्चीवर रेंज शोधत फिरायचीस ते ह्याच्यासाठीच ना? मी म्हणायचो, आला बघा आमचा टॉवर. काय बघतीस म्हणून मी विचारलं न्हाय, खरं हाय. पण तुला सांगायला काय झालं हुतं?

मला बारामती आठवली. मी वांगी घालून मोकळा झालो आणि तू मला वाचनालयात वडत नेलंस. लेण्यांचं ते जाडजूड पुस्तक. तितला माणूस म्हणला, हे घरी न्यायचं न्हाय, हितं बसून बघा. बसलीस. वहीत बघून उतरवत राहिलीस आणि मी दारात मोकळ्या क्रेटवर. आपली गाडी गेली तरी तुला पत्ता न्हाय! मी आत येऊन तणतणलो, तर म्हणलीस, "अहो, जरा असंच उभं राहा. हात कमरेवरच ठेवा." आणि माझंच चित्र काढाय लागलीस.

ते चित्र उभ्या माणसांत सापडलं. नाक वांग्यासारखं काढलंयस. जाऊ दे.

गेल्या रविवारी बाई उठताना म्हणली, "आता बसलेल्या माणसांचा एकच गठ्ठा राहिला, आबा. पुढच्या रविवारी संपेल. मग मी सगळं ऑनलाइन टाकते. तालुक्यातल्या कुठल्याही चित्रकलेच्या शिक्षकाला घरबसल्या दिसेल. कुणाला इथं हेलपाटा नको, तुम्हालाही त्रास नको."

मी बरं म्हणलं. चांगलंच करतीया पोरगी. पण त्रास?

काल दुपारी त्यो गठ्ठा मांडीवर घेतला. पारावर बसलेली माणसं, एस्टीची वाट बघत बसलेली, भिगवणला जाळं दुरुस्त करत बसलेली. सगळी कशासाठी तरी बसलेली. नुसतंच बसलेलं एकबी न्हाय. शोधलं मी.

मनात आलं, परत कालवावं. थोडी उभ्यांत, थोडी चालणाऱ्यांत. अजून काही रविवार निघतील. बाईला संशयबी यायचा न्हाय. म्हणंल, आबानं परत साइजनं लावलं. दोरी सोडली. लई वेळ तसाच बसलो. परत बांधली.

तर शब्द देतो. रविवारी गठ्ठा हाय तसा काढून ठेवीन. कालवणार न्हाय, दडवणार न्हाय. शेवटच्या चित्रापातूर उलटून वाचून दीन. पोरांच्या चित्रातली नारळाची झाडं गेली पायजेत. तू असतीस तर हे कवाच करून मोकळी झाली असतीस.

त्याच्या पुढच्या रविवारी काय करणार, हे इचारू नको.

बबन