रावणाच्या चिलखतावरचं रबर

१० एप्रिल, शुक्र.
फोम कापून झाला. छाती, पाठ, दोन खांदे. सासऱ्यांचे गुडघे गेले म्हणून यंदा गावच्या जत्रेतलं रावणाचं सोंग ह्यांच्याकडं. थोरल्याचा मान. जुनं पत्र्याचं चिलखत उचलवत न्हाई, म्हणून मी फोमचं करून राह्यले. जळत्या टेंभ्यावर राळेची भुकटी मारतात तेव्हा भडका उडून ठिणग्या पार अंगावर येतात, अन् उघडा फोम भसकन पेटतो. वरून रबराचा लेप पाहिजेच. कोणता, तेच ठरंना.

११ शनि.
धाकले भाऊजी भोकरदनच्या गॅरेजातून काळ्या रबराचा डबा घेऊन आले. गाड्यांना खालून मारतात ते. मी मागितला नव्हता. डब्यावरचा कागद फाडलेला. विचारलं तर म्हणे, ग्रीसनं खराब झाल्ता. मान थोरल्याकडं गेला तवापासून हा माणूस घरात धड बोलला न्हाई, अन् आता एवढा उमाळा? ह्यांना सांगितलं, तर म्हणे तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. दिसतं. असतं म्हणून दिसतं.

१३ सोम.
जालन्याला गेल्ते. जुन्या जालन्यात दुकानदारानं गच्चीचं रबर कोटिंग गळ्यात मारलं. बिलकुल आग धरत न्हाई म्हणे. त्याला काय, त्याच्या घरचं थोडंच कुणी उभं राहणारे टेंभ्यासमोर.

१५ बुध.
ओट्यावर तुकडे मांडले.
फेविकॉल – वाकवलं की तडे.
गच्चीचं – वाकतं छान, पण उन्हात ठेवूनही चिकट. काडी लावली, पेट धरला, टपटप गळालं.
भाऊजींचं – ओलं असताना वास डोक्यात जातो. वाळल्यावर गुळगुळीत. काडी लावली, काळवंडून विझलं. परत लावली, परत विझलं.
आनंद व्हायला पाहिजे होता. झाला न्हाई. एवढं चांगलं कसं? पाणी कुठंतरी मुरतंय.

१६ गुरु.
दुसरा इलाज न्हाई, काळंच मारलं. वर सोनेरी रंग. दिसतंय झकास. माझा जीव मात्र थाऱ्यावर न्हाई.

१७ शुक्र.
मंदिरासमोर तालीम. ह्ये अंगावर चिलखत चढवणार, तेवढ्यात भाऊजी टेंभा घेऊन म्होरं आले. माझा तोल गेला. सगळ्यांदेखत बोलले, "एवढी खात्री आहे ना भाऊजी? मंग आधी तुम्ही घाला अन् उभे राहा राळीसमोर."
लगेच घातलं त्यांनी. टेंभा दुसऱ्यानं धरला. राळ उडाली, जाळ छातीवर आला. चिलखताला काही झालं न्हाई.
मी श्वास सोडते न सोडते तोच म्हातारे मानकरी बोलले, नवा साज देवासमोर आधी ज्याच्या अंगावर चढला, यंदाचं सोंग त्याचं.
ही रीत मला माहीत होती. रागात सुचलीच न्हाई. भाऊजी असे नाचले की लोकं शिट्ट्या मारून राह्यले. डावच होता त्यांचा, अन् मी आपल्या तोंडानं नवऱ्याचा मान देऊन बसले. घरी येऊन खूप रडले. ह्ये म्हणे, जाऊ दे. नुसतं जाऊ दे.

१८ शनि.
भाऊजींना विहिरीपाशी गाठलं. हेच पाहिजे होतं ना तुम्हाला, म्हटलं. खाली बघत म्हणाले, "डबा आणायला दादानंच सांगितल्तं, वहिनी. कागद फाडायला बी त्यानंच लावलं. वहिनीला सांगू नको म्हणे."
खोटं बोलतेत. नवरा-बायकोत काडी टाकून राह्यलेत.
पण ह्ये... मधी आठवडाभर अर्धी भाकर टाकून उठायचे. मला वाटायचं, मान मिळाल्याचा ताण. काल मान गेला अन् काल पोटभर जेवले. आत्ता अंगणात बसून भाऊजींच्या मापाचे पट्टे कापतेत, गुणगुणत. आगीचं भ्या होतं, तर सासऱ्यांना न्हाई, मला तरी सांगायचं. मी काय हसले असते? का मी संशयापायी भाऊजींनाच म्होरं करीन, हे ह्यांनी आधीच ताडलं होतं?
ताट वाढलंय. हाक मारली. हात धुऊन येतेत.